लेण्यात पाणी कोणी ठेवलं?

गेल्या मे महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं मला भर चौकात अडवलं. माझ्या पाठीवर सॅक, डोक्याला पंचा, हातात दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या.

"कुठं निघालास?"

म्हटलं, "भाजे-कार्ल्याला."

तो हसला. "गोदीत पाठ मोडायची आणि सुट्टीला दगड बघत हिंडायचं. गोऱ्या साहेबांची पोरं हिंडतात पाठीवर बोचकं टाकून. त्यांच्या बापाकडं डॉलर आहेत. तुझ्याकडं काय आहे? अरे, दगडानं पोट भरतं का?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. गाडी चुकेल म्हणून पळालो. आता देतो. दगडानं पोट भरत नाही, दादा. पण दगडात पाणी असतं. त्या पाण्याबद्दल मला बोलायचंय.

आपण गोदीतला ठेक्यावरचा हमाल. जहाज लागलं तर पाळी, नाही तर घर. पगारी रजा म्हणजे काय ते आपल्याला परमनंट लोकांकडून ऐकून माहीत. मे महिन्यात लग्नं निघतात, टोळी गावाकडं पळते. आपलं गाव म्हणजे दोन भिंती पडलेलं एक घर. तिथं जाऊन काय करणार? म्हणून मे महिन्यात दोन-तीन दिवस मिळाले की आम्ही लेण्यांत जातो. मी, एक पार्सल पोचवणारा दोस्त आणि नर्सिंग शिकणारी एक मैत्रीण. तीन उन्हाळे झाले.

लोक म्हणतात, उन्हाळ्यात लेणी? मूर्ख आहात. बरोबर आहे. पण पावसाळ्यात शनिवार-रविवारी भाज्याला पाय ठेवायला जागा नसते, आणि हिवाळ्यात मुकादम सोडत नाही. गरिबाला ऋतू निवडता येत नाही. जो मोकळा सापडेल तोच त्याचा हंगाम.

खर्चाचा हिशोब सांगतो, म्हणजे कोणी पैशाचं कारण सांगणार नाही. जनरल डबा. शिदोरीला भाकऱ्या, कांदे, लसणाची चटणी. झोपायला एखाद्या वस्तीतला बुद्धविहार. विहारात 'जयभीम' घालून विचारलं तर चटई मिळते, बऱ्याचदा आमटीभातही मिळतो. ते नाही जमलं तर स्टेशनाचा फलाट. माणशी पाचशेच्या आत दोन दिवस. उन्हाचं शास्त्र आम्ही जहाजाच्या पोटात शिकलो, तेच इथं चालतं. उजाडायच्या आत निघायचं. नऊच्या आत डोंगर चढून व्हायचा. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, घोट-घोट, मीठ-साखर टाकून. डोकं झाकायचं. चक्कर आली तर मर्दुमकी दाखवायची नाही, सावलीत बसायचं. आणि दुपारी अकरा ते चार लेण्याच्या बाहेर पडायचं नाही. बाहेर कातळ तापलेला, पाय ठेववत नाही, आणि आत चैत्यात असा गारवा की घाम पाठीवरच वाळतो. फुकटात एसी. तो कोणी केला, हा पुढचा प्रश्न.

मळवली स्टेशनाला उतरलं की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाज्याचं चैत्यगृह इसवी सनाच्या आधीचं. खांब आतल्या बाजूला कललेले. लाकडी घर बांधणाऱ्याच्या हाताची सवय दगडातही गेली नाही. शेजारी चौदा स्तूपांचा घोळका. पण पहिल्या खेपेला माझं लक्ष गेलं ते खाली कातळात खोदलेल्या चौकोनी तोंडाच्या टाक्यांकडं. त्यातल्या एकावर अक्षरं आहेत. महारठी विण्हुदत, कोसिकीचा मुलगा, त्यानं ही 'पोढी' दान दिली.

पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. पावसाचं पाणी कातळावरून चरातून वळवून आत साठवायचं आणि ते उन्हाळाभर पुरवायचं. डोंगरावर ना विहीर, ना नदी. पोढी नसती तर लेणं नसतं. मूर्ती नंतर आल्या, पाणी आधी आलं.

महारठी म्हणजे बडा माणूस, त्यानं दिलं तर काय नवल, असं म्हणाल. मग बोरिवलीला चला. कान्हेरी आपल्या मुंबईतच आहे, लोकलच्या तिकिटात. उद्यानाच्या दारापासून पाच-सहा किलोमीटर, बसचे पैसे वाचवायचे तर सकाळी चालत. शंभराच्या वर लेणी एकाच डोंगरात, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याला आपली पोढी. तिथल्या एका पोढीवर लिहिलंय की ती कल्याणच्या सामिदत सोनारानं दिली. शब्द आहे 'पानियपोढी'. पानिय म्हणजे पाणी. जवळपास दोन हजार वर्षं झाली, शब्द अजून आपल्या तोंडात आहे. दुसरा एक लेख सांगतो की कल्याणच्याच नंद नावाच्या लोहारानं तिथं वाट बांधून दिली. लोहारानं वाट, सोनारानं पाणी. कोणी पुराणातला देव नाही, कोणी चक्रवर्ती नाही. कल्याणचे कारागीर. आजही त्या वाटेनं कल्याण-डोंबिवलीची पोरं चढतात आणि त्यांना त्यांच्याच गावच्या लोहाराचं नाव माहीत नाही.

कारण त्यांना सांगितलंय, लेणी पांडवांनी खोदली. एका रात्रीत. नाशिकच्या लेण्यांना लोक 'पांडवलेणी'च म्हणतात. दोस्तहो, आपण हमाल माणसं. एका रात्रीत एक जहाजसुद्धा धड रिकामं होत नाही. एका रात्रीत डोंगर पोखरला म्हणणाऱ्याच्या हाताला कधी घट्टे पडलेले नाहीत. ही नुसती भाकडकथा नाही. ही मजुरी बुडवण्याची जुनी युक्ती आहे. काम देवानं केलं म्हटलं की कामगाराचं नाव खोडायला छिन्नीसुद्धा लागत नाही.

कार्ल्याला चला, तिथं पुरावा आहे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना हार-नारळाची दुकानं, वर चैत्याच्या तोंडाशी एकवीरेचं देऊळ. माझ्या टोळीत एक कोळी आहे, दरवर्षी चैत्रात देवीला येतो. माझं त्याच्याशी भांडण नाही. आम्ही दोघं एकच पोतं दोन टोकांनी उचलतो. पण त्याला मी विचारलं, "आईच्या पाठीमागं ते एवढं मोठं काय आहे, बघितलंस कधी?" म्हणाला, "तिकीट लागतं ना रे, म्हणून नाही गेलो." वीस वर्षं आला, आणि बाहेरूनच परतला.

आत गेलात की तोंड बंद होतं. देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह, लांबी सव्वाशे फुटांच्या आसपास. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या, अजून जागेवर. खांबाखांबावर दात्यांची नावं, त्यात धेनुकाकट गावचे यवनसुद्धा. म्हणजे परदेशी मुळाचे लोकही इथं आपले होऊन खांब देत होते. आणि दाराशी एक लेख आहे, तो बघायला मी परत परत जातो. धेनुकाकटचा सुतार सामि, वेणुवासाचा मुलगा, यानं हे दार केलं. दान दिलं असं नाही म्हणत. *केलं* म्हणतो.

अशी नावं बोटांवर मोजण्याइतकी. कर्जतजवळच्या कोंडाण्याला एका मूर्तीशेजारी लिहिलंय, कान्हाचा शिष्य बालक यानं केलं. पितळखोऱ्याच्या बुटक्या यक्षाच्या हातावर लिहिलंय, कान्हदास सोनारानं केला. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सामि, बालक, कान्हदास. बाकीचे हजारो छिन्नीवाले, माती वाहणारे, दगड उपसणारे निनावी. मला त्या तिघांचा अभिमान वाटतो आणि हजारोंसाठी पोटात कालवतं.

आता आमच्यातले काही जण लगेच म्हणतील, बघा, तो आपला सुवर्णकाळ! सावकाश. नाशिकला नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींत कायमचे ठेवले. दोन हजार शेकडा एक दरमहा, एक हजार शेकडा पाऊण दरमहा. त्या व्याजातून भिक्षूंची चीवरं आणि वरखर्च. छान. पण व्याज आकाशातून पडत नाही. विणकर माग चालवणार तेव्हा व्याज निघणार. जुन्नरला बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडं असंच दान ठेवलेलं. ज्या बुरुडाला पुढं गावकुसाकडं ढकललं, त्याची त्या काळी श्रेणी होती आणि लोक तिच्यावर विश्वासानं पैसा ठेवत. ही गोष्ट मोठी आहे, ती सांगितलीच पाहिजे. पण घाम घामच होता, हेही सांगितलं पाहिजे. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं. रोमच्या व्यापाराचा पैसा घाटावर चढला, लेणी झाली. त्या बंदरांत माल कोणी उचलला? माझ्यासारख्यानंच ना? त्याचा लेख कुठंच नाही. तेव्हा लेण्यापुढं नुसतं हात जोडून उभं राहणं माझ्यानं होत नाही. मी तिथं नातेवाईक शोधायला जातो.

आणि तरीही पोढीपाशी आलो की माझी सगळी भांडखोरी थंडावते. का, ते सांगतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका लेण्याकडं निघालो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. दुपार टळलेली, बाटल्या रिकाम्या, मैत्रिणीला चक्कर यायला लागलेली. पायथ्याच्या एका घराच्या ओट्यावर थांबलो. आमच्या आधी तीन ट्रेकर पोरं पाणी पिऊन नुकतीच उठली होती. स्टीलचे पेले ओट्यावर ओलेच पडले होते. म्हातारीनं विचारलं, "कुठले रे बाळांनो?" म्हटलं, "मुंबईचे, आजी." "मूळचे?" तालुका सांगितला. "आडनाव?" सांगितलं. खोटं का सांगायचं? म्हातारी आत गेली. तांब्या घेऊन एक बाप्या बाहेर आला. म्हणाला, "ओंजळ करा." वरून पाणी ओतलं. पेले तिथंच होते, ओलेच.

मी प्यालो. तहान होती, खोटं बोलणार नाही. माझी मैत्रीण प्याली नाही. "चला," म्हणाली, आणि तशीच चढायला लागली. आमच्यात तिचंच खरं होतं असं मला आज वाटतं, पण तेव्हा मी तिच्यावर चिडलो, मरशील म्हणून. वर पोचलो. लेण्याच्या कोपऱ्यात पोढी होती, तळाला हातभर पाणी. तिनं पंचा भिजवला, तोंडावर, मानेवर, डोक्यावर दाबला आणि बसून राहिली. खूप वेळ कोणी काही बोललं नाही.

ती पोढी कोणी दिली ते वाचता आलं नाही, अक्षरं झिजली होती. संघासाठी दिली असणार. संघात उपाली न्हावी होता, सुनीत झाडूवाला होता. भिक्षू आनंदाची ती गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. त्यानं मातंग मुलीकडं पाणी मागितलं. ती म्हणाली मी हलक्या जातीची. तो म्हणाला मी जात नाही विचारली, पाणी मागितलं. गोष्ट साधी आहे. पण त्या दुपारी ओट्यावर ती एवढी अवघड का झाली?

आणि आपण पहिले नाही. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांबरोबर सहलीला निघाले होते. ठरलं होतं, काही झालं तरी वेरूळची बौद्ध लेणी बघायची. हो दादा, सहल. बाबासाहेबांची. आडगावात त्रास नको म्हणून जात न सांगता हिंडायचं ठरवलेलं. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासानं अंगभर धूळ. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्यानं भरलेला छोटा हौद. काहींनी हातपाय-तोंड धुतलं. रमजानचा महिना होता. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, हौद बाटवला म्हणून. गर्दी जमली, शिव्या झाल्या, मारामारीची वेळ आली. शेवटी किल्ला बघू दिला तो या अटीवर की आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही, आणि पाळतीला बरोबर हत्यारी शिपाई. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवलंय. हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्य, हा त्यांनी काढलेला अर्थ. आणि हे कोणाशी? चवदार तळ्याला हात घातलेल्या माणसाशी, त्यानंतर सात वर्षांनी.

महाडला गेलात तर तळं बघालच. तसंच गावाच्या अलीकडं मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला गांधारपाल्याची लेणीही चढा. तिथंही पोढ्या आहेत. वर उभं राहून खाली बघा. या डोंगरात जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी माणसांसाठी कातळ फोडून पाणी साठवलं. आणि खालच्या गावात १९२३ चा बोले ठराव झाला, १९२४ ला नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरी २० मार्च १९२७ ला ओंजळभर पाण्यासाठी डोकी फुटली. कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. डोंगर आणि तळं यांच्यामधल्या त्या उतारावर काय झालं, हा आपला इतिहास आहे. तो पुस्तकात वाचून कळतो. उन्हात चालून, घसा सुकवून तो अंगाला कळतो. म्हणून मी म्हणतो, उन्हाळ्यातच जा.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द, राग आला तरी चालेल. मी पोढ्यांत काय काय बघितलं? वेफरची पाकिटं, दारूच्या बाटल्या, निर्माल्य. खांबांवर बदाम आणि बाण. त्यात 'जय भीम' लिहिलेलंही बघितलं, खडूनं नाही, खिळ्यानं. ज्याला सामि सुताराचं नाव वाचता येत नाही तो त्याच्या दारावर स्वतःचं नाव खरवडतो. १९५८ च्या कायद्यानं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्याचं सोडा. आपल्या आजोबाच्या थडग्यावर कोणी खिळा चालवतं का? स्तूपाला मेणबत्त्या चिकटवून काजळी धरवायची, मोठे स्पीकर लावून वंदना घ्यायची, ही कोणती धम्मसेवा? दुसऱ्यानं देव बसवला म्हणून आपण ओरडतो, आणि आपण लेण्याचं देऊळच करतो.

आणि सरकारला एकच शब्द. तिकीट घेता, बोर्ड लावता, कुंपण घालता. घाला. पण एका लेण्यावर आम्ही मे महिन्यात गेलो तेव्हा पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी ठणठणीत, आणि खाली बाटली वीस रुपयाला. सामिदत सोनाराला जे जमलं ते तुम्हाला जमत नाही? प्रत्येक लेण्यावर पिण्याचं पाणी, फुकट, बारमाही. ही भीक नाही. त्या जागेचा दोन हजार वर्षांचा रिवाज आहे, तो तुम्ही मोडलाय.

करायचं काय? सोपं आहे. प्रत्येक वस्तीतल्या पोरापोरींनी एक लेणं धरावं. वर्षातून दोनदा जावं, एकदा पावसात, एकदा उन्हात. धम्मलिपी शिकावी. राज्यात ठिकठिकाणी पोरं शिकतायत, आणि रोज तासभर दिला तर महिन्या-दोन महिन्यांत अक्षर लागतं. मी मॅट्रिक माणूस, मला लागलं. रखवालदाराला विचारून कचरा उचलावा. कोरीव कामाला हात लावू नये, घासू नये, रंगवू नये. पोढीचं पाणी आज पिऊ नये, आपलं घेऊन जावं, आणि एक बाटली जास्त घ्यावी. वाटेत कोणी तहानलेला भेटतोच. त्याला पेला द्यावा. आडनाव विचारू नये.

दादा, तुम्ही विचारलंत तुझ्याकडं काय आहे. माझ्याकडं तीन नावं आहेत. सामि, बालक, कान्हदास. आणि एक ओला पेला आहे, जो मला मिळाला नाही. या सगळ्याचा हिशोब मी कवितेत मांडायचा प्रयत्न करतोय, अजून जमलेला नाही. येत्या मे महिन्यात तुम्ही बरोबर चला. पहिल्या गाडीनं. गुडघे दुखत असतील तर भाज्याच्या पायऱ्या सावकाश चढू, आम्ही थांबू. पाण्याचं ओझं मी उचलीन, सवय आहे.

जय भीम.